धसकट, बारदान, बांबू : कीड-प्रकल्पाच्या नोंदी

१२ जून २०२४, ठाणे

मंजुरीचं पत्र आलं. मागितले त्याच्या निम्मे पैसे मिळाले, म्हणजे क्ष-किरण तपासणी बाद. दाण्याच्या आत बसलेली अळी बघायची ती सगळ्यात सोपी रीत होती. आता चाळणी, ब्रश, पांढरा कागद आणि विभागातला जुना इन्क्युबेटर यांवर भागवायचं.

पत्रावरचा विषय भारदस्त आहे: पीक, साठवणीतलं धान्य आणि मासळी यांतल्या किडींचा तुलनात्मक अभ्यास. प्रकल्पातले माझे दोन सहकारी, ओंकार आणि सायली, यांना मी तो एका वाक्यात सांगितला: माल उचलून नेल्यावर मागे जे उरतं ते तपासायचं. नमुना नेहमी मालाचा काढतात. गोणीत टोकदार नळी खुपसायची, मूठभर दाणे काढायचे, चाळायचे, किडे मोजायचे. मोकळी झालेली गोणी कुणी उलटी करून बघत नाही. कापणीनंतर भाताच्या धसकटांकडे किंवा मासळी विकून झाल्यावर रिकाम्या पाटीकडेही कुणी बघत नाही.

ठिकाणं अशी: तुर्भ्याच्या बाजार समितीतलं धान्य मार्केट (जुने लोक अजून दाणा बंदरच म्हणतात), बेलापूरचं दिवाळे गाव, मुरबाड तालुक्यातली भातखाचरं आणि शहापूरकडचं एक शेततळं. तळ्याचं पुढे बघू, तिथे बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) सोडायलाच ऑगस्ट उजाडेल.

१७ जून, तुर्भे

पहिला गाळा. शेठ हसतमुख, पण ठाम: "आपल्याकडे कीड नाय. माल फिरता हाय, किड्याला बसायला टाइम कुठे?"

त्यांचं गणित चुकीचं नाही. तांदळातल्या सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट बूच बसवते. अळी, कोष सगळं त्या एकाच दाण्यात. बाहेर पडायला आपल्याकडच्या हवेत महिनाभर लागतो. ज्या गाळ्यात थप्पी पंधरा दिवसांत हलते तिथे सोंड्याची दुसरी पिढी व्हायची नाही. मालाचा नमुना खरोखरच जवळपास स्वच्छ निघाला.

मग आम्ही पोटमाळ्यावर चढलो. तिथे वापरलेल्या बारदानाचे गठ्ठे, काही गेल्या वर्षीपासूनचे. एकेक गोणी उलटी केली, शिवणीवरून ब्रश फिरवला, खाली पांढरा कागद. तांबडे भुंगेरे पुष्कळ, सोंडे थोडे, कडधान्यातले भुंगे तुरळक, आणि शिवणीच्या दुमडीत अळ्यांच्या केसाळ काती. काती बघून सायली एकदम गप्प झाली. तिच्या डोक्यात काय आलं ते कळलं: खपरा. हा भुंगेरा अन्न मिळेनासं झालं किंवा गर्दी झाली की अळीच्या अवस्थेतच थांबतो, भिंतीच्या भेगांत नाहीतर बारदानात दडून बसतो आणि तसा काही वर्षंही जगतो. बऱ्याच देशांच्या क्वारंटाइन यादीत तो वरच्या क्रमांकावर आहे. नुसत्या कातीवरून त्याचं नाव घेणं म्हणजे शेठचा धंदा बुडवणं. काती बाटलीत भरल्या, ओळख पटवणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवायच्या. तोवर हा शब्द गाळ्यात उच्चारायचा नाही, असं दोघांनाही बजावलं.

खाली उतरताना एका माथाडी काकांना विचारलं, हे बारदान झटकतं कोण? ते म्हणाले, "गोणी मोकळी झाली की ती कुणाची नसते, मॅडम." नंतर कळलं ते असं: धान्य शेठचं, हमाली टोळीची, आणि रिकामं बारदान नगावर विकत घेणारा बारदानवाला महिन्या-दोन महिन्यांनी येणार. मधल्या काळात त्या गठ्ठ्यांना कुणीच मालक नसतो.

२५ जून, दिवाळे

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे बाजारात सगळा कारभार सुक्याचा. अगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, भरलेले बोंबील, जवळा, सुकट, बांगडे. पावसाळी हवेने मासळी सादळते आणि मग डर्मेस्टिस जातीचे भुंगेरे येतात. त्यांच्या केसाळ अळ्या बोंबील आतून पोखरतात, वरचं साल तसंच राहतं. खारवलेल्या बांगड्यावर हे कमी, कारण जास्त मीठ अळीला सोसत नाही. बोंबील मीठ न लावता वलांडीवर (वाळवणीच्या बांबूंच्या मांडवावर) वाळवलेला, म्हणून तोच आधी जातो.

त्याच पाटीत हिरव्या-निळ्या चकाकीचा, तांबड्या पायांचा एक भुंगेराही सापडला: नेक्रोबिया रुफिपेस. हा खोबऱ्यातही होतो. शिवाय स्वतः मासळी खाता खाता डर्मेस्टिसच्या अळ्याही खातो. त्याला शत्रू म्हणून नोंदवायचं की मित्र, यावर ओंकार आणि सायलीची परतीच्या बसमध्ये नेरूळपर्यंत जुंपली होती.

एका मावशीच्या फळीवर मात्र कीड जवळजवळ नव्हती. बाकीच्यांसारखीच मासळी, तेच वाळवण. कारण विचारलं तर म्हणाली, "किरा मासलीला नाय लागत गो, पाटीला लागतं." अगोटीच्या भरणीला ती दरवर्षी नवी पाटी घेते आणि जुनी चुलीत घालते. शेजारणी तिला उधळी म्हणतात. तिच्या शेजारणींकडून दोन जुन्या पाट्या मागून आणल्या.

८ जुलै

रात्रभर पाऊस, लोकल बंद, विभागात मी एकटीच. वीज दोनदा गेली. इन्क्युबेटर २८ अंशांवरून फार खाली आला नाही.

२३ जुलै, ठाणे

पोटमाळ्यावरची झाडलोट, म्हणजे शिवणीतला भुगा, फुटके दाणे, धूळ, वेगळ्या बरण्यांत ठेवली होती. शेजारच्या बरण्यांत त्याच गाळ्यातला चांगला तांदूळ. तांदळातून काही सोंडे बाहेर आले, ते अपेक्षितच होतं. भुग्याच्या बरण्या मात्र तांबड्या भुंगेऱ्यांनी भरून गेल्यात.

याचं कारण त्यांच्या तोंडात आहे. सोंडे अखंड दाणा फोडू शकतात. तांबड्या भुंगेऱ्याला ते जमत नाही, त्याला फुटका दाणा, पीठ, भुसा लागतो. म्हणजे दाणा फोडायचं काम आधी सोंड्याने किंवा गिरणीने करून ठेवावं लागतं. थप्पीतला अखंड तांदूळ त्याला परका. शिवणीतला भुगा मात्र पंगतीचं ताट. गर्दी झाली की हा किडा क्विनोन नावाचं द्रव्य सोडतो, त्याने पिठाला लालसर झाक येते आणि उग्र वास सुटतो. बरणीचं झाकण उघडल्यावर तो वास दिवसभर बोटांना राहिला. घरी डबा उघडून "पीठ कुबट लागतंय" म्हणतो तेव्हा अनेकदा हाच प्रकार असतो.

धान्याची सरकारी कसोटी दाण्यांवर आहे: किडक्या दाण्यांचं प्रमाण, आणि किड्यांच्या विष्ठेतून येणारं युरिक आम्ल किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत. दोन्ही कसोट्यांत शेठचा तांदूळ उत्तम उतरेल. बारदानासाठी कसोटीच नाही.

तज्ज्ञांचं उत्तर आलं. काती खपऱ्याच्या नाहीत, त्याच कुळातल्या गालिचा-भुंगेऱ्याच्या आहेत. सायलीने चहा पाजला.

६ ऑगस्ट, तुर्भे

आज धुरी बघितली, लांबून. दुसऱ्या एका गोदामात थप्पीवर जाड ताडपत्री टाकली, कडांना वाळूच्या लांब पिशव्या दाबल्या, आत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. ३ ग्रॅमची गोळी हवेतल्या ओलाव्याने फुटत जाते आणि १ ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. परवानाधारक माणसांनीच करायचं हे काम. बंद खोलीत ठेवलेल्या गोळ्यांनी शेजारच्या खोलीतली माणसं दगावल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्या याच वायूच्या.

सात दिवस कशाला ठेवायचं, असं ओंकारने विचारलं. मोठे किडे आणि अळ्या लवकर मरतात. अंडी आणि कोष यांचा श्वास मंद, वायू आत कमी जातो. त्यांना दिवस द्यायचे, म्हणजे ताडपत्रीखालीच अंडी फुटतात आणि कोवळी अळी वायूला सापडते. डोस वाढवून दिवस कमी करायचा मोह सगळ्यांना होतो, पण या वायूच्या बाबतीत दिवसच जास्त उपयोगी पडतात. फाटक्या ताडपत्रीतून गळून अर्धामुर्धा वायू राहिला तर त्यातून चिवट किडे तेवढे जगतात आणि त्यांचीच पुढची वीण वाढते. फॉस्फिनला दाद न देणारे किडे आहेत हे एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या, १९७२-७३ च्या जागतिक पाहणीतच दिसलं होतं, आणि त्यात भारतातले नमुनेही होते. आज त्या प्रश्नाने गोदामवाल्यांची झोप उडवायला हवी. तशी उडालेली कुठे दिसत नाही.

मला मात्र आज वेगळंच दिसलं. थप्पी ताडपत्रीखाली, आणि हाताच्या अंतरावर भिंतीला टेकून बारदानाचे गठ्ठे उघड्यावर. ठेकेदाराला विचारलं. म्हणाला, "बिल टनावर होतं. रिकाम्या गोणीचे टन कसे मोजणार?" फॉस्फिन उडून गेला की मागे काही संरक्षण ठेवत नाही. ताडपत्री निघेल, थप्पीला वारा लागेल, आणि भिंतीकडचे भुंगेरे निवांत चालत येतील.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. दिवाळ्यात आज नमुने कुणी मागू नयेत. नारळीभात मात्र मिळाला.

१३ सप्टेंबर, ठाणे

गणपतीच्या सुटीत विभाग शांत, म्हणून पाट्या चिरायला घेतल्या. मावशीच्या शेजारणींच्या दोन जुन्या पाट्या, सुरीने एकेक कांबीट उलगडत. डर्मेस्टिसची अळी कोषात जाण्याआधी अन्न सोडते आणि जे कठीण मिळेल त्यात बीळ करते: लाकूड, बांबू, खोक्याचा पुठ्ठा. पुस्तकात वाचलं होतं. बांबूच्या जोडात, जिथे कांबट्या एकमेकींवर चढतात तिथे, बिळांच्या रांगा आणि त्यांत कोष, काही रिकामे, काही जिवंत.

म्हणजे पाटीतली मासळी झटकली, उन्हात घातली, विकून टाकली, तरी पुढचे भुंगेरे पाटीतच बसलेले. मावशीला हे फोटो दाखवले. तिने मोबाइल शेजारणींना दाखवत फिरवला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

प्लास्टिकच्या क्रेटमध्ये बीळ करता येत नाही, तो एक मार्ग. पण क्रेटमध्ये मासळी वारा घेत नाही, घाम धरते, आणि मग बुरशी. तूर्त कोळणींना क्रेट घ्या असं सांगायचं नाही असं ठरवलं.

९ ऑक्टोबर, मुरबाड

पीक निसवलंय. हिरव्या-पिवळ्या खाचरात मधेच पांढऱ्या, ताठ उभ्या लोंब्या. ओढली की अलगद हातात येते, दाणा नाही. इथे याला पळींज म्हणतात. पिवळ्या खोडकिड्याची अळी खोडात शिरून आतला पुरवठा तोडते. हेच रोप लहान असताना झालं तर मधला गाभा सुकतो, तेव्हा तरी नवा फुटवा येऊन भरपाई होते. पळींजाला भरपाई नाही.

शेतावरचे मामा पंप भरून तयार होते. त्यांना थांबवलं. पांढरी लोंबी दिसते तोवर अळीचं काम झालेलं असतं आणि ती खोडाच्या आत, फवाऱ्याच्या आवाक्याबाहेर. उपाय करायचे होते ते जुलैत: लावणीआधी रोपांचे शेंडे खुडायचे, कारण मादी अंड्यांचे पुंज पानाच्या टोकाकडे घालते; कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावायचे; ट्रायकोग्रामा सोडायचा. या ट्रायकोग्रामाची गंमत सायलीला फार आवडते. ही गांधीलमाशीच्या कुळातली बारीक माशी दुसऱ्यांच्या अंड्यांत आपली अंडी घालते. प्रयोगशाळेत ती ज्या अंड्यांवर वाढवतात ती तांदळातल्या पतंगाची असतात, म्हणजे रवा-तांदळात जाळी करणारी आपल्या घरातली तीच कीड. दाणा बंदरातला उपद्रव मुरबाडच्या खाचरात कामाला लावलेला.

मामांनी पंप रिकामा केला. पण तोंडावरून दिसत होतं की फुकट सल्ल्यापेक्षा त्यांना फवारणीच बरी वाटली असती.

१८ नोव्हेंबर, मुरबाड

मतदान परवावर. गावात प्रचाराच्या गाड्या, शेतात कुणी नाही. कापणी होऊन गेलेली. आम्हाला हेच हवं होतं.

चौकोन आखून धसकटं उपटली, माती धुतली, ब्लेडने उभी चिरली. पीक पिकत आलं की खोडकिड्याची अळी खोडातून खाली, बुडख्याकडे सरकते. विळा वरून फिरतो, ती खाली राहते. कापणी जिथे उंच झाली त्या खाचरात चिरलेल्या धसकटांत अळ्या सहज सापडत होत्या. जिथे जमिनीसरशी कापलं तिथे शोधाव्या लागल्या. उंच का कापलं, तर मजूर मिळेना आणि वाकून कापायला वेळ जातो. पेंढ्याला यंदा भावही नाही.

१४ डिसेंबर, मुरबाड

पुस्तकी सल्ला: कापणीनंतर लगेच नांगरट करा, धसकटं वेचून नष्ट करा. हा सल्ला घेऊन मामांकडे गेलो आणि त्यांनी खाचर दाखवलं. धसकटांच्या ओळींमधून वाल उगवून आले होते. भात निघाल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच इथे वाल होतो. नांगरलं की ओल उडाली आणि वाल गेला. कडव्या वालाचा पैसा घरातल्या बाईच्या हातात येतो, हेही मामींनी मधेच सांगून टाकलं.

त्यात भर म्हणजे न नांगरता शेती करणाऱ्यांचं म्हणणं. नेरळच्या सगुणा बागेतून पसरलेलं सगुणा भात तंत्र मुळं जमिनीतच ठेवा म्हणतं, जमिनीचा कस त्यानेच टिकतो. तेही खोटं नाही. मग खोडकिड्याचं काय करायचं? माझं आजचं मत: मुळं राहू देत, खोड राहू नये. जमिनीलगत कापणी हाच मधला मार्ग दिसतो, आणि त्याचा खर्च मजुरीत मोजायला हवा. पुढच्या हंगामात एकाच शेतकऱ्याच्या दोन खाचरांत उंच आणि बुडालगत अशी कापणी करून घ्यायची, जादा मजुरी प्रकल्पातून द्यायची. विभागातल्या वरिष्ठ मॅडमना विचारलं, त्या "हिशोब दाखवा" म्हणाल्या. म्हणजे हो.

११ जानेवारी २०२५, शहापूर

शेततळ्यातले रोहू अंग घासतायत, उड्या मारतायत. पकडून बघितलं तर कल्ल्यांजवळ आणि परांच्या बुडाशी चपटे, पारदर्शक, मसुराएवढे जीव सरपटतायत. आर्ग्युलस, माशांची ऊ. कोळंबीच्या कुळातली. दोन चूषकांनी चिकटते, सोंडेने टोचते, आणि त्या जखमेतून बाकीचे रोग शिरतात.

तळ्याच्या मालकाने वांग्यावर मारायला आणलेली इमामेक्टिन बेंझोएटची पुडी पुढे केली, "हे चालेल का?" प्रश्न वाटतो तितका अडाणी नाही. नॉर्वेत सामन माशांच्या उवांवर हेच द्रव्य खाद्यातून देतात. देता देता तिथल्या उवा त्याला निर्ढावल्या, आणि आता तेच लोक उवा खाणारे मासे पिंजऱ्यात सोडतायत. पिकासाठी बनवलेली पुडी तळ्यात टाकायची नाही, मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्याला आणून दाखवा, एवढं सांगितलं.

मग त्याला पक्ष्यांपासून जाळी धरण्यासाठी रोवलेले बांबू उपटायला लावले. आर्ग्युलसची मादी अंडी घालायला मासा सोडते आणि एखाद्या कठीण वस्तूवर, ओळीने, चिकटवून अंडी घालते. पाण्याखालच्या भागावर हात फिरवला तर खरखरीत लागलं. भिंगाखाली रांगाच रांगा. पुन्हा बांबू! दिवाळ्यातला आणि हा.

२७ जानेवारी, शहापूर

बांबू काढून टाकले असते तर माद्यांनी दगडांवर, पाइपवर अंडी घातली असती. म्हणून उलट केलं: जुने बांबू उन्हात वाळत टाकले आणि जाळीसाठी नसलेले, सुटे, सहज उचलता येतील असे तुकडे कडेने रोवले. आठवड्याने काढायचे, वाळवायचे, दुसरे लावायचे. अंडी फुटायला लागणाऱ्या वेळेच्या आत हे झालं पाहिजे, नाहीतर आपणच उवांची पाळणाघरं चालवतो. पिल्लाला काही दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतं, त्यामुळे विणीचं चक्र इथेच तोडता येतं.

पहिल्या खेपेच्या तुकड्यांवर अंडी भरपूर. मालक स्वतः मोजून वहीत लिहितोय. माशांवरच्या उवा कमी झाल्या का, ते मार्चशिवाय कळणार नाही.

८ फेब्रुवारी, तुर्भे

तळ्याची युक्ती बारदानाला लावता येईल का? दडायला दुमड हवी असणाऱ्या किड्यांना आपणच दुमड द्यायची. पोटमाळा पूर्ण मोकळा करायचा आणि कोपऱ्यांत फक्त घडी घातलेली एकेक गोणी ठेवायची, तारीख लिहून. ठरल्या दिवशी ती पिशवीत घालून बाहेर आणायची, झटकून मोजायची, तापवायची.

तापवण्याची चाचणी गेल्या आठवड्यात विभागाच्या गच्चीवर झाली. ५० अंशांच्या वर काही तास राहिलं की धान्यातल्या किड्यांची कुठलीच अवस्था टिकत नाही. काळ्या प्लास्टिकखाली वरच्या गोणीतला तापमापक तिथवर गेला. गठ्ठ्याच्या मधला गेला नाही. म्हणजे गठ्ठे तापवून उपयोग नाही, गोणी एकेरी पसरावी लागणार, आणि गाळ्याच्या पत्र्यावर तेवढी जागा नाही. पुस्तकातला दुसरा उपाय, मॅलेथिऑन या कीटकनाशकाच्या ०.१ टक्का द्रावणात १० मिनिटं बुडवून वाळवणं, ऐकून माथाडी काका हसले. पावसाळ्यात ओलं बारदान वाळणार कुठे?

शेठ एका पोटमाळ्यापुरते तयार आहेत. अट अशी की बारदान दर आठवड्याला उचललं गेलं पाहिजे, त्यांना चढउतार नको. बारदानवाला आठवड्याला यायला तयार आहे, पण नगामागे भाव कमी देणार म्हणतो, कारण टेम्पो अर्धा रिकामा जाईल. शेजारच्या दोन गाळ्यांचं बारदान त्याच दिवशी दिलं तर टेम्पो भरतो. त्या दोघांशी बोलायचं आहे. शनिवारी अकराला, मार्केटातली गर्दी ओसरल्यावर. सायली चाळणी आणि कागद घेऊन थेट वाशी स्टेशनवर भेटेल.